जर्मनीत फ्लिक्सबसने पहिल्यांदा जाताना

फ्लिक्सबस म्हणजे लांब पल्ल्याच्या बस चालवणारी कंपनी. तिकीट घेताना शहराचं नाव नाही, थांबा बघ. बर्लिनला एकाहून जास्त थांबे आहेत. म्युनिकचा बसतळ (झेडओबी) मुख्य रेल्वे स्टेशनवर नाही. तिथून एस-बानने (लोकल ट्रेनने) एक स्टेशन पुढे, हाकरब्र्युकेला उतरायचं, बसतळ शेजारीच. नवीन मुलं हमखास मुख्य स्टेशनावर शोधत राहतात आणि बस निघून जाते. १५ मिनिटं आधी पोच.

भाडं मागणीप्रमाणे चढतं, म्हणून शुक्रवार-रविवारचं तिकीट लवकर काढ.

सामानात खरी गडबड होते. डिकीत एक बॅग, २० किलोपर्यंत. वर एक छोटी हातबॅग, ७ किलो. भारतातून आणलेली २३ किलोची विमानाची बॅग इथे जास्त ठरते. दुसरी मोठी बॅग असेल तर आधीच ऑनलाइन बुक कर, कारण जागा नसेल तर चालक ती नाकारू शकतो.

प्राग, व्हिएन्नाला जाताना पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटचं कार्ड मूळच हवं, मोबाइलमधला फोटो चालत नाही. सीमेवर पोलीस बसमध्ये चढून तपासतात. त्यात आणि आउटोबानवरच्या (महामार्गावरच्या) कोंडीत वेळ जातो, तेव्हा पुढे विमान असेल तर किमान तीन तास हाताशी ठेव.