लेकीच्या जन्मवर्षाची बोर्डो आत्ताच पैसे भरून घ्यावी का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: लंडनला येऊन दोन वर्षं झाली, मुलगी सप्टेंबर 2024 ची, हातात बोनस आलाय, आणि ऑफिसातला मित्र मागे लागलाय की फ्रान्समधल्या बोर्डो भागाची 2024 ची रेड वाइन बॅरलमध्ये असतानाच बुक करून टाक, लेक एकवीसची झाली की अर्धी पी आणि अर्धी विक, वर टॅक्सही नाही. तर घ्यावी का, चव न बघता कशी घ्यायची, आणि पुढे पुण्याला नेता येईल का.

आधीच सांगतो, मी वाइनच्या धंद्यात नाही. मूळ निफाडकडचा, घरी द्राक्षबाग (खायच्या द्राक्षांची, वाइनच्या नव्हे), 2006 पासून इंग्लंडात, आणि या नादात पंधराएक वर्षं पैसे घालवलेला माणूस आहे. माझं उत्तर: लेकीसाठी एक पेटी जरूर घ्या. इन्व्हेस्टमेंट म्हणून एक पौंडही घालू नका.

या प्रकाराला फ्रेंचमध्ये आँ प्रीमर म्हणतात. आपल्याकडे कोकणात मोहोर बघून कलमांचा सौदा करतात ना, साधारण तसंच, फक्त इथे आंबा दोन वर्षांनी हातात येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी, पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये व्यापारी आणि टीकाकार बोर्डोला जाऊन बॅरलमधली कच्ची वाइन चाखतात, मग मे-जूनपर्यंत एकेक शातो (म्हणजे स्वतःच्या मळ्याची वाइन करणारं घराणं) आपला भाव जाहीर करतो, तुम्ही पैसे भरता, आणि वाइन अजून वर्ष-सव्वा वर्ष बॅरलमध्ये राहून मग बाटलीत भरली जाते. म्हणजे 2024 ची पेटी तुमच्या नावावर पडायला 2027 उजाडेल. शातो तुम्हाला थेट विकत नाही हेही लक्षात ठेवा. मध्ये दलाल असतो (त्याचे दोन टक्के), मग बोर्डोचा नेगोसियाँ म्हणजे घाऊक व्यापारी, मग इंग्लंडातला दुकानदार, मग आपण. नेगोसियाँची पंचाईत अशी की एखाद्या वाईट वर्षी त्याने कोटा नाकारला तर चांगल्या वर्षी त्याला कोटा मिळेलच असं नाही, म्हणून तो नको असलेला मालही उचलतो आणि मग तो माल खपवायला तुमच्या मित्रासारख्यांना इमेल जातात.

हे सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोचलं ते 1982 च्या वाइनमुळे. रॉबर्ट पार्कर नावाच्या अमेरिकन टीकाकाराने ते वर्ष बॅरलमध्ये असतानाच डोक्यावर घेतलं, ज्यांनी तेव्हा घेतली त्यांचं खरंच भलं झालं, आणि तेव्हापासून प्रत्येक दुकानदार 1982 चीच गोष्ट सांगतो. 2010 ची कोणी सांगत नाही. ती मी सांगतो, पुढे.

आता 2024. त्या वर्षी तिकडे पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि वेलींवर डाउनी आली. आपल्या द्राक्षवाल्यांना केवडा म्हटलं की पोटात गोळा येतो, तोच हा रोग. गंमत म्हणजे त्यावरचं औषध याच गावांतलं. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण आमचे चुलते वर्षानुवर्षं फवारत आले पण त्यातलं बोर्डो म्हणजे गाव आहे हे मला इथे आल्यावर कळलं. मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून ते निळं-हिरवं मिश्रण मारायचे, 1882 च्या सुमारास मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेली रोगातून वाचल्यात, आणि 1885 मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. असो, विषयांतर झालं. 2024 ला उत्पादन कमी आलं, वाइन हलकी आहे, अल्कोहोलही अलीकडच्या उन्हाळी वर्षांपेक्षा कमी. ज्यांनी खराब घड टाकून देण्यात हात आखडला नाही त्यांची वाइन चांगली आहे, पण हे 2016 किंवा 2022 सारखं महान वर्ष नाही आणि कोणी तसं म्हणत असेल तर तो विकायला बसलाय. म्हणून भावही उतरलेत. 2023 ला मोठमोठ्या शातोंनी जवळपास तीस टक्के उतरवले होते, 2024 चे त्याच्याही खाली आलेत.

चवीचं. एप्रिल 2016 मध्ये एका व्यापारी मित्राचं शेपूट धरून मी बोर्डोतल्या सँ-ज्युलियाँ गावी गेलो होतो, 2015 च्या वाइन्स चाखायला. तुम्हाला वाटेल काय राजेशाही थाट असेल. सकाळी साडेनऊला थंडगार तळघर, बिनलेबलची बाटली, तिच्यावर पेनने लिहिलेली चिठ्ठी, आणि ग्लासात जांभळी शाई. घोट घेतला आणि हिरड्या अशा आवळल्या की आधी अर्धवट पिकलेली जांभळं खाल्ल्यासारखं वाटलं, तीच तुरट पकड, जीभ गालाला चिकटते ती. त्याच्या मागे कुठेतरी फळ आणि नव्या ओकच्या लाकडाचा वास. गिळायचं नाही, थुंकायचं, पुढचा ग्लास. दहाव्या ग्लासापर्यंत सगळ्यांचे दात काळे आणि माझी जीभ बधिर, मला सगळ्या वाइन सारख्याच लागत होत्या. मित्र मात्र शांतपणे लिहीत होता. तो म्हणाला चव आवडली का हे बघायचंच नसतं. तुरटपणा गुळगुळीत आहे की खरखरीत, घोट गेल्यावर तोंडात फळ उरतं की नुसतं लाकूड, आणि मध्येच चव पोकळ पडते का, एवढं बघायचं. पावसाळी वर्षात ती पोकळी लगेच सापडते म्हणे.

आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं: तो नमुना म्हणजे अंतिम वाइन नव्हेच. काबर्ने, मर्लो वगैरे द्राक्षजातींचं मिश्रण एप्रिलसाठी जुळवलेलं असतं, प्रत्येक बॅरल 225 लिटरचं म्हणजे तीनशे बाटल्यांचं, आणि दाखवायला कुठल्या बॅरलमधून काढायचं हे यजमान ठरवणार. उघडलेला नमुना संध्याकाळपर्यंत उतरतो. म्हणूनच शहाणे टीकाकार बॅरलच्या वाइनला एक आकडा न देता 92 ते 94 असा पट्टा देतात. दुकानदाराच्या इमेलमध्ये मात्र वरचाच आकडा ठळक छापलेला असतो, हे बघाच.

थोडक्यात तुम्ही चव न घेता घेणार म्हणून वाईट वाटून घेऊ नका, चव घेऊनही आपल्यासारख्याला फारसं कळत नाही. त्यापेक्षा त्याच शातोची 2014 किंवा 2017 ची बाटली आणा, घरी जेवणासोबत प्या. आवडली तर पुढे बोलू.

भाव तपासायची माझी एकच पद्धत आहे. समजा 2024 ची सहा बाटल्यांची पेटी तीनशे पौंडाला देतायत. त्याच शातोची 2014, 2017, 2019 आज बॉन्डमध्ये (म्हणजे ड्यूटी-व्हॅट न भरता माल ठेवायच्या गोदामात) कितीला मिळते ते बघायचं. 2019 भारी वर्ष, तयार बाटलीत, आणि तीही तीनशे दहाला मिळत असेल तर दोन वर्षं पैसे अडकवून हलकी 2024 का घ्यायची? अर्ध्याहून जास्त वेळा हिशोब इथेच संपतो. लातूरने (आपलं मराठवाड्यातलं नव्हे, बोर्डोतल्या पोयाक गावचं शातो लातूर) तर 2012 मध्येच जाहीर केलं की आम्ही यापुढे बॅरलमध्ये असताना विकणारच नाही, तयार झाली की देऊ. त्यांना परवडतं म्हणा.

आता माझी 2010. 2011 च्या उन्हाळ्यात सगळीकडे चिनी गिऱ्हाइकांची हवा होती, भाव आभाळाला भिडलेले, आणि मी दोन पेट्या घेतल्या. एक जुन्या दुकानदाराकडून, दुसरी एका नव्या वेबसाइटवरून कारण तिथे चाळीस पौंड स्वस्त होती. पहिली आली, अजून आहे, आणि चौदा वर्षांनी तिचा भाव मी दिला त्याच्याच आसपास घुटमळतोय, गोदामाचं भाडं धरलं तर तोटाच. दुसरी आलीच नाही. 2012 मध्ये ती कंपनी बंद पडली आणि मला लिक्विडेटरचं पत्र आलं की तुम्ही विनातारण धनको आहात, पैसे मिळायची शक्यता नाही. आमच्याकडे व्यापारी माल उचलून पैसे न देता पळतो, त्यावर घरात आयुष्यभर शिव्या ऐकल्या होत्या, आणि मी मात्र माल न बघता पैसे देऊन मोकळा. चुलत्यांना अजून सांगितलेलं नाही.

त्यातली मेख अशी की पैसे भरल्यापासून वाइन गोदामात येईपर्यंतची जी दोन वर्षं आहेत त्यात तुमच्या नावावर जगात एकही बाटली नसते, फक्त दुकानदाराचं बिल असतं. म्हणून दुकान जुनं आणि धडधाकट हवं, चाळीस पौंडाकडे बघायचं नाही. वाइन आली की ती बॉन्डेड वेअरहाऊसमध्ये तुमच्या स्वतःच्या खात्यावर टाकून घ्या, दुकानदाराच्या खात्यात "तुमच्यासाठी ठेवलीय" हे चालणार नाही. बॉन्डमध्ये आहे तोवर ड्यूटी नाही की व्हॅट नाही. बाहेर काढलीत की बाटलीमागे तीनेक पौंड ड्यूटी आणि त्या सगळ्यावर वीस टक्के व्हॅट, हे मित्राने सांगितलं नसणार. मी पेटीमागे वर्षाला साधारण पंधरा पौंड भाडं देतो, म्हणजे वीस वर्षांचे तीनशे, तेही भाडं वाढलं नाही तर. आणि टॅक्सचं म्हणाल तर माफीचा नियम पन्नास वर्षांच्या आत खराब होणाऱ्या वस्तूंचा आहे, उत्तम बोर्डो त्याहून जास्त टिकते असं टॅक्सवाले म्हणू शकतात, तेव्हा अकाउंटंटला विचारा, ऑफिसातल्या मित्राला नको.

मग लेकीसाठी का घ्या म्हणतोय? कारण या पद्धतीत एक गोष्ट खरोखर मिळते जी नंतर मिळणं अवघड असतं: बाटलीचा आकार आधी सांगता येतो. मॅग्नम, म्हणजे दीड लिटरची बाटली, मागा. मोठ्या बाटलीत वाइन सावकाश मुरते, आणि हलक्या वर्षाची वाइन वीस वर्षं टिकवायची तर तेवढा आधार हवाच. पोयाक किंवा सँ-ज्युलियाँचा एखादा भरवशाचा शातो, काबर्ने जास्त असलेला, फार महागातला नको. तीन मॅग्नम पुरे. एक अठराव्याला, एक एकविसाव्याला, एक लग्नाला किंवा ती म्हणेल तेव्हा. तिला वाइन आवडलीच नाही तर तुम्ही दोघं प्या.

पुण्याला न्यायचं तर प्रवाशामागे दोन लिटर ड्यूटी-फ्री, म्हणजे एका माणसाला एक मॅग्नम बसते, दुसरी बायकोच्या नावावर. बोटीने पाठवायचा विचारही करू नका, वाइनवर दीडशे टक्के कस्टम आहे आणि वर राज्याचं एक्साइज. आणि मे महिन्यात नेऊ नका, विमानातून उतरून कॅबच्या डिकीत तीन तास उकडली की वीस वर्षांची मेहनत गेली. दिवाळीत न्या.

हो, आणि एक राहिलं. घर बदललंत की वेअरहाऊसला नवा पत्ता कळवा. मी विसरलो होतो, दोन वर्षं भाड्याची बिलं जुन्या घरी जात होती आणि तिथला भाडेकरू इमानेइतबारे ती साठवून ठेवत होता.