नव्या काठाआधी जुना गाळ

अनेक आशीर्वाद.

बंद पडलेल्या गोदीच्या पुनर्विकासाचा तुझा आराखडा मी दोनदा वाचला. रेखाटने देखणी आहेत. पण पहिल्याच पानावर संग्रहालय आहे आणि माती तपासण्याचा उल्लेख थेट परिशिष्टात सापडतो. माझी मुख्य हरकत या क्रमाला आहे.

स्पेनमधल्या बिल्बाओ या जुन्या औद्योगिक बंदर-शहराचा दाखला तू दिला आहेस. १९९७ मध्ये उघडलेल्या गुगेनहाइम संग्रहालयाने ते शहर तारले, असे सर्रास सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. नदीत थेट मिसळणारे सांडपाणी अडवून शुद्ध करण्याचे खर्चिक काम तिथे १९८० च्या दशकातच सुरू झाले होते, बंदराचे काम समुद्राच्या दिशेने हलवले जात होते, रेल्वे आणि बंदराच्या ताब्यातील जमिनी एकत्र आणण्यासाठी १९९२ मध्ये ‘बिल्बाओ रिया २०००’ ही सार्वजनिक संस्था उभी राहिली होती आणि १९९५ मध्ये मेट्रोही धावू लागली होती. नदी आधीसारखीच घाण राहिली असती, तर त्या चमकत्या इमारतीभोवती रमतगमत फिरायला कोण थांबले असते?

जमिनीखाली काय मुरले आहे, हे कारखाना काय बनवत होता त्यावरून ओळखता येते. कोळशापासून वायू तयार करणाऱ्या कारखान्यांच्या मातीत डांबर आणि बेंझिन उतरलेले असते. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये अशाच कारखान्याच्या जागेवर झालेल्या ‘गॅस वर्क्स पार्क’ या बागेत भूदृश्य-रचनाकार रिचर्ड हॅग यांनी जुनी यंत्रे जागेवरच राखली आणि मातीत सांडपाण्याचा गाळ व लाकडाचा भुसा मिसळून सूक्ष्मजीवांकरवी प्रदूषण कमी करण्याचा मार्ग धरला. बाग १९७५ मध्ये खुली झाली, तरीही प्रदूषणामुळे १९८४ मध्ये ती काही काळ बंद ठेवावी लागली. शुद्धीकरण एकदा करून संपत नाही. पुढच्या कित्येक वर्षांच्या देखरेखीचा खर्च तुझ्या अंदाजपत्रकात मला कुठेच दिसला नाही.

पुराचे पाणी कुठवर चढते, हेही आधीच ठरवावे लागते. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये १९६२ च्या पुरात तीनशेहून अधिक माणसे गेली, त्यामुळे हाफेनसिटी या तिथल्या जुन्या बंदरावर उभ्या राहणाऱ्या वस्तीच्या १५७ हेक्टरांवर इमारती आणि रस्ते समुद्रसपाटीपासून सुमारे आठ मीटर उंचीवर घेतले गेले आणि जुने धक्के मात्र खालीच ठेवले गेले, म्हणजे वादळी भरतीचे पाणी त्यांच्यावर येऊन ओसरू शकते. मला त्याहून मोलाची वाटते ती तिथली भूखंड देण्याची रीत. केवळ सर्वाधिक बोली पाहून भूखंड दिला जात नाही, प्रस्तावाच्या कल्पनेला किमतीपेक्षा जास्त वजन असते. आणि निवडलेल्या विकासकाला आधी आराखडा आणि परवानगीच्या तयारीसाठी ठरावीक मुदत मिळते, बांधकाम परवानगी हाती आल्यावरच विक्री पूर्ण होते. अशाने जमीन अडवून भाव वाढण्याची वाट पाहणाऱ्याला वाव उरत नाही.

वाहतुकीबाबत लंडनचा अनुभव पुरेसा आहे. डॉकलँड्स या तिथल्या जुन्या गोद्यांच्या भागात उभ्या राहिलेल्या कॅनरी वार्फ या कार्यालयीन संकुलाचा विकासक १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेला. त्यामागे मंदी होतीच, पण तोवर तिथे फक्त हलकी रेल्वे पोहोचली होती. ज्युबिली हा भुयारी रेल्वेमार्ग आला १९९९ मध्ये.

त्याच डॉकलँड्समधली दुसरी गोष्ट मला अधिक टोचते. कंटेनरवाहू मोठी जहाजे खोल पाण्याच्या बंदरांकडे वळली आणि गोदी कामगारांचे काम गेले. पुढे तिथे नोकऱ्या आल्या त्या वित्तसंस्थांच्या. ज्यांच्या खांद्यांवर त्या गोद्या चालल्या होत्या, त्यांच्यापैकी बहुतेकांना त्या मिळण्यासारख्या नव्हत्या. तुझ्या आराखड्यात घरांच्या किमतीचा आलेख आहे, पण आज त्या काठालगत राहणारी कुटुंबे कुठेच नाहीत.

तेव्हा इमारतींची पाने तूर्त बाजूला ठेव. कारखान्यांचे जुने नकाशे, मातीच्या नमुन्यांचे अहवाल, पुराच्या नोंदी आणि काठालगतच्या घरांची यादी हाती आली की मला कळव; त्यानंतर पाण्याकाठची सलग पायवाट कुठून कुठे न्यायची, ते आपण नकाशावर सोबतच आखू.

सस्नेह.