आधी विचारा, हे आलं कुठून?

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. फॅमिली ग्रुपवरचं सगळं तिला खरं वाटतं. दिवाळीत ‘दिवाळीच्या रात्री नासाने अवकाशातून टिपलेला भारत’ असा रंगीबेरंगी फोटो तिने वर्गाच्या ग्रुपवर टाकला. मोबाईल काढून घ्यावा का?
— एक आई, नाशिक

उत्तर : नको. मोबाईल काढून घेतल्याने पारख येत नाही. तोच फोटो तिच्यासोबत बसून तपासा, आणि फोन तिच्याच हातात राहू द्या.

‘नीट निरखून बघ’ एवढंच सांगून भागत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्ट-चेकर यांना अनोळखी वेबसाइट तपासायला दिल्या होत्या. फॅक्ट-चेकर त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. लगेच दुसरी टॅब उघडून, या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते त्यांनी पाहिलं. मुलांना लावायची सवय ही.

फोटो सेव्ह करा. गूगल ॲपच्या सर्च बारमधला कॅमेरा दाबून तो निवडा. फोटोवर मजकूर छापलेला असेल तर चौकट ओढून फक्त चित्राचा भाग ठेवा, नाहीतर सर्च त्या मजकुराच्या मागे जातो. मग तारखा बघत सर्वांत जुनी नोंद गाठा. ‘टिनआय’ या साइटवर जुन्यापासून क्रम लावता येतो. शंभर जणांनी तेच चित्र त्याच ओळीसकट टाकलं असलं, तरी पुरावा एकच. आणि काहीच सापडलं नाही म्हणजे फोटो खरा, असंही नाही. एआयने कालच बनवलेल्या चित्राची जुनी नोंद मिळणार कुठून?

तुमच्या मुलीला इथे सापडेल ते असं : चित्र ‘नोआ’ या हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेतल्या शास्त्रज्ञाने अनेक वर्षांची उपग्रह-माहिती एकत्र करून बनवलेलं आहे. पांढरे दिवे १९९२ पूर्वीचे, निळे १९९२चे, हिरवे १९९८चे, लाल २००३चे. वाढत्या वस्तीचा तो नकाशा आहे. २०१२ साली नासाने दिवाळीच्या काळातलं खरं चित्र दिलं आणि सांगितलं, की दिवाळीचा जादा उजेड इतका थोडा असतो, की तो अवकाशातून जाणवणं कठीण.

व्हॉट्सॲपवरच्या दुहेरी बाणाचा अर्थही सांगा : मेसेज किमान पाच हातांतून फिरून आलाय. तो खोटाच असेल असं नाही, पण मूळ माणूस लांब राहिला. कॉपी-पेस्ट केलं की हा बाण नाहीसा होतो.

हे सगळं कशासाठी, हेही तिला कळायला हवं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. त्या काळात व्हॉट्सॲपवर देशभर फिरणारा, मूल उचलून नेतानाचा एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या जनजागृती मोहिमेचा होता. मूल परत आणून सोडतात, तो शेवट कापलेला होता.

दुरुस्ती तिनेच, त्याच ग्रुपवर टाकावी : ‘मी टाकलेला फोटो दिवाळीचा नाही.’ मूळ फॉरवर्ड आजोबांचा असेल तर त्यांना ग्रुपवर नको, वेगळं सांगा. चारचौघांत खोडून काढलं की माणसं चिडतात आणि मुद्दा बाजूला राहतो.

प्रश्न : दहावीतल्या मुलाला रील्स बघून महागडी प्रोटीन पावडर हवी आहे. जाहिरात कोणती, सल्ला कोणता, हे त्याला कसं कळावं?
— एक वडील, सांगली

उत्तर : ‘ॲड’, ‘स्पॉन्सर्ड’, ‘पेड पार्टनरशिप’ असं लेबल शोधायला सांगा. २०२१पासून जाहिरात मानक परिषदेच्या नियमांनुसार इन्फ्लुएन्सरने ते ठळक द्यायला हवं. प्रत्यक्षात ते हॅशटॅगांच्या गर्दीत दडपलेलं असतं किंवा नसतंच. तेव्हा डिस्काउंट कोड आणि बायोमधली खरेदीची लिंक बघायची. विक्रीमागे कमिशन असल्याची ती खूण.

तरीही हट्ट कायम राहिला तर डब्यावरचे एका स्कूपमधले प्रोटीनचे ग्रॅम वाचा. तेवढं प्रोटीन डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे यांतून किती रुपयांत मिळतं, तो हिशोब त्यालाच मांडू द्या. मग इन्स्टाग्रामवर अशा तीन-चार रील्सवर ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबायला सांगा आणि आठवडाभर काय बदलतं ते दोघांनी बघा.