पहिल्यांदाच शनिवार-रविवारची बुद्धिबळ स्पर्धा खेळतोय, ओपनिंगची किती तयारी करू?

तुम्ही लिहिलंय की वय ४२, तीन वर्षं मोबाइलवर खेळताय, रेटिंग नाही आणि दोन आठवड्यांनी ६ फेऱ्यांची स्पर्धा आहे. वेळ ६० मिनिटं अधिक दर खेळीला ३० सेकंद.

ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांचं, आधी उरकतो. पांढऱ्याकडून एक रचना, काळ्याकडून राजाच्या प्याद्याला एक आणि वजिराच्या प्याद्याला एक. तिन्ही पहिल्या आठ-दहा खेळ्यांपर्यंत कळल्या की पुरे. दोन आठवड्यांत नवीन काही शिकू नका, मोबाइलवर खेळता तेच खेळा. बाकीचा वेळ हत्तींच्या शेवटच्या डावांना द्या, म्हणजे पटावर राजे, हत्ती आणि प्यादीच उरतात त्या टप्प्याला. तिथेही बरेच गुण फिरतात.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळं. पहिल्या स्पर्धेत नवखा माणूस ओपनिंगपेक्षा नियमांच्या हातून जास्त गुण घालवतो. माझा अर्धा गुण असाच गेलाय, आणि तो कसा गेला हे नीट समजून घ्या, कारण अ‍ॅपवर खेळणाऱ्या प्रत्येकाच्या हातून हेच होतं.

शेवटची फेरी, माझी काळी, हत्तींचा शेवट, मी एक प्यादं मागे. पांढऱ्याचा राजा जी-२ वर, प्यादी जी-३ आणि एच-२ वर. ४१व्या खेळीला मी हत्ती ए-६ वरून ए-२ वर आणून शह दिला. राजा जी-१ वर गेला. हत्ती ए-१, शह. राजा परत जी-२. ४३व्या खेळीला पुन्हा हत्ती ए-२. पुन्हा तेच चक्र, आणि ४५व्या खेळीला मी तिसऱ्यांदा हत्ती ए-२ वर ठेवला, घड्याळ दाबलं आणि मग पंचांना हाक मारली: तीनदा तीच स्थिती झाली, बरोबरी द्या.

पंचांनी दावा फेटाळला. प्रतिस्पर्धी राजा एच-३ वर घेऊन गेला, शह संपले आणि पुढे जास्तीच्या प्याद्यावर डाव जिंकला.

पंच शंभर टक्के बरोबर होते. दावा करण्याचा हक्क ज्याची चाल आहे त्याचाच. घड्याळ दाबल्यावर चाल समोरच्याची झाली, म्हणजे त्या क्षणी बरोबरी मागायचा हक्क फक्त त्याला होता, आणि प्याद्याने पुढे असलेला माणूस ती कशाला मागेल? बरोबर पद्धत अशी: हत्तीला हात लावायचा नाही. ४५वी खेळी स्कोअरशीटवर (खेळ्या नोंदवायच्या कागदावर) लिहायची, घड्याळ थांबवायचं, पंचांना बोलवायचं आणि सांगायचं की ही खेळी करणार आहे, तिने हीच स्थिती तिसऱ्यांदा येते, बरोबरीचा दावा करतोय. मोहऱ्याला हात लागला की त्या चालीपुरता हक्क गेला. लिहिलेली खेळी बदलता येत नाही. दावा चुकीचा निघाला तर समोरच्याला २ मिनिटं जास्त मिळतात आणि लिहिलेली खेळी तुम्हाला करावीच लागते.

इथे लोक का अडखळतात तेही सांगतो. आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं की आधी खेळी करा, मग लिहा. तो नियमच आहे, खेळी आधी लिहून ठेवायला मनाई आहे. बरोबरीचा दावा हा त्याला अपवाद, आणि तो कोणी शिकवत नाही. वर बरीच अ‍ॅप्स स्वतःच स्थिती मोजून डाव संपवतात, त्यामुळे दावा करायचा असतो हेच डोक्यात राहत नाही.

१९७१ मध्ये ब्युनोस आयर्सला फिशर आणि पेट्रोशियन या दोन ग्रँडमास्टरांच्या सामन्यातला तिसरा डाव काढून बघा. पेट्रोशियनची बाजू चांगली होती. फिशरने ३४वी खेळी, वजीर ई-२, कागदावर लिहिली आणि दावा केला. ३०व्या आणि ३२व्या खेळीनंतर तीच स्थिती येऊन गेली होती, पण मधल्या चाली वेगळ्या होत्या. म्हणजे चाली तशाच असाव्या लागत नाहीत, स्थिती तीच हवी: मोहरे त्याच घरांत, चाल त्याच बाजूची, कॅसलिंगचे (राजा-हत्ती एकाच खेळीत हलवण्याचे) आणि आँ पासाँचे (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने लगेच मारण्याचे) हक्क तेच. सलग यायचीही गरज नाही. म्हणून स्कोअरशीट स्वच्छ लिहा. तुमच्या स्पर्धेत ३० सेकंद मिळतात, त्यामुळे शेवटच्या मिनिटातही लिहिणं बंधनकारक आहे, आणि दावा पडताळायला पंच तोच कागद हातात घेतात.

आमच्या मंडळातले एक ज्येष्ठ खेळाडू अजून म्हणतात की पंचांनी स्वतःहून बरोबरी द्यायला हवी होती. नाही. तीनदा आली तर खेळाडूने मागायची. पंच स्वतःहून डाव थांबवतात ते पाचदा आल्यावर. ५० आणि ७५ खेळ्यांचंही तसंच: प्यादं न हलता, एकही मोहरा न मारला जाता दोघांच्या ५०-५० खेळ्या झाल्या तर दावा करता येतो, ७५ झाल्या की डाव आपोआप बरोबरीत. त्यांचं दुसरं म्हणणं असं की पंचांना बोलावणं खिलाडूपणाला धरून नाही. हे मला अजिबात मान्य नाही. पंच त्यासाठीच असतात, आणि पटावर आपसात हुज्जत घालण्यापेक्षा घड्याळ थांबवून हात वर करणं कितीतरी सभ्य आहे.

मोबाइलमुळे लागलेल्या बाकीच्या सवयीही याच दोन आठवड्यांत मोडा. लाकडी पट आणि घड्याळ घेऊन रोज एक डाव खेळा. कॅसलिंग एका हाताने, आधी राजा दोन घरं, मग हत्ती. आधी हत्तीला हात लावलात तर हत्तीच चालवावा लागतो. ज्या हाताने खेळी त्याच हाताने घड्याळ. प्यादं शेवटच्या घरात नेऊन तसंच ठेवून घड्याळ दाबलं तर ती नियमबाह्य खेळी: पहिल्यांदा समोरच्याला २ मिनिटं, दुसऱ्यांदा डावच जातो. उलटा ठेवलेला हत्ती वजीर होत नाही, तो हत्तीच राहतो. जास्तीचा वजीर जवळ नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडून मागून घ्या. आडवातिडवा मोहरा सरळ करायचा असेल तर आधी ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणा, तेही आपलं घड्याळ चालू असतानाच.

पहिल्या फेरीत मोठा खेळाडू समोर आला तर घाबरू नका, स्विस पद्धतच तशी आहे. यादी रेटिंगने लावतात, बिनरेटिंगवाले खाली, आणि वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो. १०० खेळाडूंत तुमचा क्रमांक ७० असेल तर समोर २०वा येईल. हरलात तर पुढच्या फेरीत तुमच्याइतकेच गुण असलेला मिळतो.

वेळेचं गणित मांडून ठेवा. ६० खेळ्यांचा डाव म्हणजे एकेकाचे दीड तास, दोघांचे मिळून तीन. दिवसात तीन फेऱ्या असतील तर नऊ तास खुर्चीत. डबा घरून न्या आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये थोडंथोडंच खा, भरपेट जेवून बसलात तर तिसऱ्या फेरीत डोळे मिटतील. हरलेला डाव मधल्या वेळेत इंजिनवर (बुद्धिबळाच्या संगणक प्रोग्रॅमवर) तपासत बसू नका.

दोन गोष्टी राहिल्या. रेटिंग मिळवायचं असेल तर रेटिंग असलेल्या किमान ५ खेळाडूंशी डाव व्हावे लागतात, आणि मार्च २०२४ पासून फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ, १४००च्या खालचं रेटिंग देत नाही. आणि वर लिहिलेलं सगळं तुमच्या ६० अधिक ३० च्या स्पर्धेसाठी आहे. रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळेच्या डावांत, खेळ्या लिहिण्याची सक्ती नसते. दाव्याचा हक्क तिथेही राहतो, पण पंचांना पडताळता येईल असं काहीतरी समोर हवं, म्हणून तिथे स्थिती दुसऱ्यांदा आल्यावरच पंचांकडून स्कोअरशीट मागून घ्या. उशिरा पोचलात तर किती मिनिटांनी डाव जातो हे प्रत्येक स्पर्धेचं वेगळं असतं, ते परिपत्रकात बघा. फोन बंद करून पंच सांगतील तिथे ठेवा, खिशात नको.