यूएसबी ड्रायव्हर लिहिताय? आधी क्लॉक आणि रिसेट सांभाळा

यूएसबी कंट्रोलरचा ड्रायव्हर लिहिताना प्रोब (कर्नल डिव्हाइस सुरू करायला ड्रायव्हरचं जे फंक्शन बोलावतो ते) सुरू होताच बोर्ड गोठत असेल, तर माझा पहिला संशय क्लॉकवर, म्हणजे चिपच्या त्या भागाला चालवणाऱ्या ठोक्यांवर. कंट्रोलरचं क्लॉक बंद असताना त्याचं रजिस्टर (त्याच्या आतली छोटी नोंदजागा) वाचलं, की बऱ्याच चिपवर बस, म्हणजे प्रोसेसर आणि कंट्रोलर यांना जोडणारा मार्ग, उत्तराची वाट बघत अडकते. कोड बरोबर दिसतो आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो.

लिनक्समध्ये सुरुवातीला एवढं जपा:

- आधी वीजपुरवठा, मग क्लॉक, मग रिसेट सोडायचा (कंट्रोलरला रिसेट अवस्थेतून बाहेर काढायचं); रजिस्टरला हात त्यानंतरच. चिपचं मॅन्युअल वेगळा क्रम सांगत असेल तर त्याचंच ऐका.
- प्रत्येक रिटर्न व्हॅल्यू तपासा. ‘प्रोब डिफर’ (‘आत्ता नाही, नंतर प्रयत्न करा’ सांगणारा एरर कोड) आला तर घाबरू नका, क्लॉकसारख्या लागणाऱ्या एखाद्या गोष्टीचा ड्रायव्हर अजून तयार व्हायचाय. ती व्हॅल्यू तशीच परत करा, कर्नल पुन्हा प्रयत्न करतो.
- मध्येच काही फसलं तर उलट्या क्रमाने आवरा. नवखे इथे बरेचदा चुकतात: पुढची पायरी फसते आणि आधी सुरू केलेलं क्लॉक चालूच राहतं. ‘डेव्हएम’ (devm_ ने सुरू होणारी) फंक्शन्स वापरलीत तर बरंचसं आपोआप आवरलं जातं.

रनटाइम पीएम (वापर नसताना डिव्हाइसची वीज वाचवणारी सोय) आत्ता नकोच. ड्रायव्हरचं मॉड्यूल दहा वेळा घाला-काढा आणि डीबगएफएसमधल्या (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइल्समधल्या) क्लॉकच्या यादीत एनेबलचा आकडा, म्हणजे क्लॉक किती वेळा चालू केलेलं आहे तो, दर वेळी मूळ जागी येतो का ते बघा. येत असेल तर तुमचा पाया पक्का आहे, बिनधास्त पुढे जा.