मिश्रण बरणीत, तेल बशीत

प्रश्न: ताई, ब्रेड बुडवून खायचं इटालियन पद्धतीचं हर्ब ऑइल मी गॅस न पेटवताच करते. ऑलिव्ह ऑइलमध्ये सुका ओरेगॅनो, बेसिल, रोझमेरी, मीठ आणि ठेचलेला लसूण घालते. पण मीठ तळाशी बसतं आणि रोझमेरी दातांत टोचते. शिवाय एकदाच मोठी बाटली भरून ओट्यावर ठेवली, तर किती दिवस टिकेल?

उत्तर: शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो चवीचा नाही. लसूण घातलेलं कच्चं तेल ओट्यावर ठेवूच नका. लसूण मातीतला, त्याच्याबरोबर क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू येऊ शकतात. मोकळ्या हवेत ते निपचित असतात. तेलात बुडाले की हवा तुटते, लसणाचा ओलावा मिळतो, आंबटपणा बेताचाच असतो, आणि मग ते वाढून विष तयार करतात. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रेस्टॉरंटमधल्या तेलातल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाली होती. वास-रंगावरून याचा पत्ता लागत नाही, म्हणून ‘हुंगून बघते’ हा उपाय इथे कामाचा नाही. उरलेलं तेल लगेच फ्रिजमध्ये, चार अंश सेल्सिअस किंवा त्याखाली, आणि जास्तीत जास्त चार दिवस. ताज्या बेसिललाही हाच नियम. फ्रिजमध्ये तेल गोठलं तर घाबरू नका, बाहेर काढल्यावर सैल होतं.

मी बाटली भरतच नाही. सुकं मिश्रण तेवढं बरणीत ठेवते: दोन चमचे ओरेगॅनो, दोन चमचे बेसिल, एक चमचा रोझमेरी, अर्धा चमचा मिरपूड, हवे तर चिली फ्लेक्स. रोझमेरी आधी खलबत्त्यात कुटून घ्या. तिच्या सुया तेलात कितीही भिजवल्या तरी मऊ पडत नाहीत. बाकीची पानं वापरताना तळहातांवर चोळली की पुरे.

मीठ तेलात विरघळत नाही, ढवळून हात दुखतील फक्त. लसणाची एक पाकळी आणि दोन चिमूट मीठ एकत्र ठेचा. लसणाच्या रसात मीठ विरघळतं. हा गोळा खोलगट बशीत पसरा, त्यावर मिश्रणाचा एक चमचा आणि पाव कप तेल. अर्धा तास झाकून ठेवा, मग ब्रेड आणा. पार्मेझान चीज किसून घालणार असाल तर मीठ निम्मं करा.

तेल मात्र एक्स्ट्रा व्हर्जिनच घ्या. ‘लाइट’ लिहिलेलं तेल रिफाइंड असतं. स्वयंपाकात ते खपून जातं, इथे उघडं पडतं. बाटली गडद काचेची बघा. उघडल्यावर जुन्या मेणखडूसारखा वास आला तर ते तेल खवट झालंय, हर्ब्ज घालून सुधारत नाही.

जाता जाता: जेवणाआधी हर्ब ऑइलची बशी मांडणं ही मुख्यतः अमेरिकेतल्या इटालियन रेस्टॉरंटांची रीत, इटलीत ती फारशी दिसत नाही. तिथे तोस्काना प्रांतात फेत्तुंता करतात. भाजलेल्या खरखरीत ब्रेडवर लसणाची पाकळी घासायची, वरून तेल ओतायचं, मीठ भुरभुरायचं. तिथला ब्रेडच बिनमिठाचा, त्यामुळे वरचं मीठ लागतंच. तुम्हाला लसणाची धास्ती वाटत असेल तर हेच करा. लसूण ब्रेडवर राहील, बशीत फक्त तेल आणि सुकं मिश्रण.