ब्रिटनमधील पिपच्या अपिलासाठी बडोद्यात राहणारे नातेवाईक कोणता पुरावा देऊ शकतात?

आपला धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये राहतो, मणक्याच्या विकारामुळे त्याची नोकरी सुटली आहे, पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंटचा, म्हणजे दीर्घ आजार किंवा अपंगत्व असलेल्यांना मिळणाऱ्या आणि तिकडे ज्याला पिप म्हणतात त्या सरकारी भत्त्याचा, त्याचा अर्ज शून्य गुण देऊन नाकारला गेला आणि फेरविचारातही तोच निर्णय कायम राहिला. तर आता ट्रायब्युनलपुढच्या, म्हणजे अशी अपिले ऐकणाऱ्या न्यायमंडळापुढच्या, अपिलासाठी बडोद्यातून काय पाठवावे, असा आपला प्रश्न आहे. माझी धाकटी बहीण लेस्टरला असते. तिला संधिवात आहे, आणि तिच्या अपिलाच्या वेळी दांडिया बाजारातल्या घरी बसून मी हेच काम केले आहे. अपील दाखल झाले आहे असे मी धरून चालते. झाले नसेल तर फेरविचाराच्या पत्रावरील तारखेपासून एक महिन्याची मुदत असते, ती आधी सांभाळावी.

मी पहिल्यांदा जे केले ते आपण करू नये. तिचे लग्नाआधीचे सगळे रिपोर्ट मी कपाटातून काढले, रुग्णालयाच्या गुजराती कागदांचे इंग्रजी भाषांतर करून घेतले, कोठीपाशी, म्हणजे इथल्या सरकारी कचेऱ्यांपाशी, जाऊन स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्रही केले. यात तीन आठवडे गेले आणि पैसेही बरेच गेले. त्या गठ्ठ्यातून एवढेच सिद्ध होत होते की तिला संधिवात आहे, आणि ते पिप देणाऱ्या तिकडच्या सरकारी खात्याने कधी नाकारलेच नव्हते. आजाराचे नाव हा या अपिलातला वादाचा मुद्दा बहुधा नसतोच. जुन्या कागदांपैकी निदानाचा एखादा आणि शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचा एक, एवढे पुरेत. ते गुजरातीत असतील तर सोबत इंग्रजी भाषांतर हवे, आणि त्यावर भाषांतर करणाऱ्याचे नाव, सही व तारीख असावी.

वाद असतो तो रोजच्या कामांचा. पिपमध्ये एकूण 12 कामे पाहिली जातात: 10 दैनंदिन जीवनाची आणि 2 हालचालीची. काम करताना जितकी अडचण जास्त तितके गुण जास्त. दोन्ही भागांची बेरीज वेगवेगळी होते. त्या त्या भागात 8 गुण झाले तर साधा दर आणि 12 झाले तर वाढीव दर मिळतो. काम करता येते असे म्हणण्यासाठी ते सुरक्षितपणे, स्वीकारार्ह दर्जाने, लागेल तितक्या वेळा आणि वाजवी वेळेत करता आले पाहिजे. वाजवी वेळ म्हणजे धडधाकट माणसाला जास्तीत जास्त जेवढा वेळ लागतो त्याच्या दुपटीच्या आत. या चारांपैकी एक अट जरी पुरी होत नसेल तरी ते काम त्या पातळीवर जमत नाही असेच कायदा मानतो, मात्र ही स्थिती निम्म्याहून अधिक दिवस असावी लागते. आपल्या भावाचा बराचसा पुरावा या एका नियमावर उभा राहणार आहे, म्हणून तो त्याच्याशी बसून नीट समजून घ्यावा. चालण्याचेच पाहा. आधाराशिवाय 20 मीटरहून अधिक पण 50 मीटरपर्यंतच चालता येत असेल तर 8 गुण आहेत, काठी घेऊन तेवढेच जमत असेल तर 10. आता तो 60 मीटर एकदा चालला आणि पुढचे दोन तास त्याला पडून राहावे लागले, तर ‘लागेल तितक्या वेळा’ ही अट पुरी होत नाही. माझ्या मेहुण्यांनी घराच्या दारापासून बसथांब्यापर्यंतचे अंतर टेपने मोजले आणि बहीण वाटेत कुठे, किती वेळ थांबते ते लिहिले. तो अर्ध्या पानाचा कागद माझ्या सगळ्या गठ्ठ्याहून मोलाचा ठरला. स्वयंपाकाचे कलमही मूळ शब्दांत वाचावे, कारण तिथे ताज्या जिन्नसांपासून एका माणसापुरता एक साधा पदार्थ एवढेच अपेक्षित आहे आणि शिजवणे म्हणजे कमरेच्या उंचीवर किंवा त्याहून वर. ओव्हनपाशी वाकता येत नाही असे लिहून गुण मिळत नाहीत.

बडोद्यातून आपल्याला खरी मदत करता येईल ती रोजनिशीची. आपल्या माणसांची सवय अशी की कोणीही ‘कसा आहेस?’ विचारले की ‘बरा आहे’ हेच तोंडातून येते. माझ्या बहिणीने मूल्यांकनाच्या वेळीही ‘चालवून नेते’ असेच सांगितले, आणि अहवालात त्याचे ‘सर्व कामे स्वतः करते’ असे झाले. मी पहिला आठवडाभर रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर ‘आज कशी आहेस?’ असेच विचारत होते आणि वहीत सातही दिवस ‘बरी’ एवढाच शब्द होता. मग मी प्रश्न बदलले. आज भाजी कोणी चिरली? कुकरचे झाकण कोणी लावले? अंघोळीला किती वेळ लागला, त्यानंतर काय केलेस? तेव्हा कळले की आठवड्यातले पाच दिवस कुकर मेहुणेच लावत होते, आणि त्यांना रात्रपाळी असली की ती दूध आणि ब्रेडवर भागवत होती. मला हे कळायला चार वर्षे लागली होती. आपणही तारखेनिशी असे लिहावे, आणि चांगले दिवस मुळीच गाळू नयेत. सगळे दिवस सारखेच वाईट दाखवणाऱ्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि निम्म्याहून अधिक दिवसांचा हिशेब मांडायला चांगले दिवसही लागतातच.

या वहीच्या आधारे आपण स्वतः एक पत्र लिहावे. स्टॅम्प पेपर लागत नाही. दिवाणी न्यायालयात जो पुरावा चालणार नाही तोही हे ट्रायब्युनल विचारात घेऊ शकते. पत्रात आपले नाते, बोलणे किती वेळा होते, आणि डोळ्यांनी काय पाहिले व काय फक्त ऐकले हे वेगवेगळे लिहावे. निर्णयाच्या सुमारास भाऊ बडोद्याला येऊन गेला असेल तर जिना चढताना काय झाले, बूट कोणी घातले, देवळात बसता आले का, हे आपण साक्षात पाहिलेले आहे. डॉक्टरांकडून नुसते निदान लिहून घेण्याऐवजी भावाने त्यांना ठरावीक प्रश्न विचारावेत. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) असतील तर त्यांचे पत्र बरेचदा अधिक उपयोगी पडते, कारण माणूस हालचाल कशी करतो हे ते प्रत्यक्ष पाहतात.

खात्याकडून भावाला पृष्ठक्रमांक घातलेली जाड फाइल येईल. तीत मूल्यांकनाचा अहवाल असतो. तो आपण दोघांनी फोनवर ओळ न ओळ वाचावा आणि जिथे चूक असेल तिथे ‘पान अमुक, असे लिहिले आहे, प्रत्यक्षात तसे नाही, पुरावा अमुक’ अशा थोडक्या टिपा कराव्यात. अहवाल लिहिणाऱ्याच्या हेतूबद्दल संतापाने लिहू नये. मला तो संताप आवरायला फार कष्ट पडले.

तारखेबाबत विशेष जपावे. ट्रायब्युनल पाहते ती खात्याने निर्णय दिला त्या दिवशीची स्थिती. नंतरचे कागद चालतात, पण त्या दिवसाच्या स्थितीवर त्यांनी प्रकाश टाकला तरच. म्हणून आपली वही आजची असली तरी पत्रात ‘निर्णयाच्या महिन्यातही हेच होते’ हे, तसे असेल तर, स्पष्ट लिहावे. प्रकृती त्यानंतर बिघडली असेल तर तो विषय या अपिलात येत नाही. त्याबद्दल सिटिझन्स अ‍ॅडव्हाइससारख्या विनामूल्य सल्ला देणाऱ्या संस्थेला विचारावे.

सुनावणीला एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेले एक सदस्य बसतात, आणि ते खात्यापासून स्वतंत्र असतात. भावाने स्वतः सांगितलेले हाही पुरावाच असतो, त्यामुळे शक्य असेल तर त्याने हजर राहावे. आपण मात्र बडोद्यातून व्हिडिओवर साक्ष द्यायचे आधी ठरवू नये. परदेशातून तोंडी साक्ष द्यायची तर त्या देशाच्या सरकारची त्याला हरकत नसावी लागते, हे तिथल्या अपर ट्रायब्युनलने, म्हणजे वरच्या पायरीच्या ट्रायब्युनलने, 2021 मध्ये स्पष्ट केले आहे. लेखी पत्राला ही अडचण नाही. भावाला इंग्रजीत दुखणे सांगताना शब्द सुचत नसतील तर मराठी दुभाषी आत्ताच मागून ठेवावा. त्याचा खर्च ट्रायब्युनल करते, आणि ते काम सहसा घरच्या माणसाला करू देत नाहीत.